मुक्या सोबत्याचे दुखणे आणि औषधाची चिठ्ठी

घरातले कुत्रे म्हातारे झाले की कण्हत नाही. ते जिना टाळते, उठताना मागचे पाय सावरते, दारावरची घंटा वाजली तरी जागचे हलत नाही. ‘वय झाले’ असे म्हणून आपण ते सोडून देतो. वास्तविक अशा पुष्कळ कुत्र्यांना सांधेदुखी जडलेली असते आणि तिच्यावर उपचार आहेत. अडचण येते ती खर्चाची, कारण हे औषध आठवड्याभराचे नसून बहुधा अखेरपर्यंतचे असते. निवृत्तिवेतनात घर चालविणाऱ्याने हा भार कसा पेलावा? याचे बरेचसे उत्तर चिठ्ठीच्या नियमांतच सापडते.

मेलॉक्सिकॅम, गॅबापेन्टिन यांसारखी वेदनाशामके औषधे नियम, १९४५ यांतील ‘एच’ अनुसूचीत येतात. नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. ही चिठ्ठी कशी असावी, हे नियम ६५ सांगतो. पशुवैद्यकाची सही, तारीख, मालकाचे नाव व पत्ता, औषधाची एकूण मात्रा आणि डोस हे सारे तीवर हवे. आपल्या खिशाशी संबंध असलेली तरतूद मात्र पुढेच आहे. चिठ्ठीवर तसे लिहिलेले नसेल, तर औषध एकदाच द्यावयाचे असते. किती वेळा व किती अंतराने द्यावे हे लिहिले असेल, तर त्याप्रमाणे ते पुन्हा मिळते. तेव्हा प्रकृती स्थिरावल्यावर ‘दोन-तीन महिन्यांची पुनरावृत्ती लिहून देता का?’ असे संकोच न करता विचारावे. दर बाटलीमागे तपासणीचे शुल्क वाचते. चिठ्ठी हाती असली, की दोन-चार दुकानांत किमतीची चौकशीही करता येते.

माणसांसाठीचे तेच औषध जेनेरिक नावाने, जनऔषधी केंद्रात, स्वस्त मिळू शकते. पशुवैद्यकाने तसे लिहून दिले तर जरूर घ्यावे. स्वतःच्या हिशेबाने मात्र कदापि नाही. मेलॉक्सिकॅमचा कुत्र्यासाठीचा नित्याचा डोस किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला २ मिलिग्रॅम असतो. माणसाची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची. लहान गोळीची अर्धी दिली तरी मात्रा जवळजवळ दुप्पट होते! गॅबापेन्टिनच्या माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल हा गोडवा असतो आणि तो कुत्र्याला विषासमान आहे.

घरच्या औषधांच्या डब्याचा मोह तर त्याहून घातक. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. डायक्लोफेनॅकचेही तेच. गिधाडांच्या संहारास कारणीभूत ठरलेले हे औषध जनावरांसाठी वापरण्यास आपल्या देशात २००६ मध्ये बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांवरही आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आढळले आहे. पशुवैद्यकाने सांगितलेली रक्ततपासणी, पैसे वाचविण्यासाठी, गाळू नये. यकृत व मूत्रपिंडे औषध सोसतात की नाही हे तिच्यावाचून कळत नाही. उलटी, काळी शी किंवा अन्नावरची वासना जाणे यांपैकी काही दिसल्यास औषध थांबवून लगेच पशुवैद्यकाला कळवावे.

मुंबईत परळचे किंवा चेन्नईत वेपेरीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि गावोगावचे शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने येथे अनेकदा कमी खर्चात काम होते. विम्याचा विचार करावयाचा तर कुत्रे तरुण असतानाच करावा; आधीपासून असलेला आजार सहसा विम्यात धरला जात नाही. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी दरमहा अल्प रकमेची आवर्ती ठेव हाच साधा मार्ग.

सर्वांत स्वस्त उपचाराला चिठ्ठीच लागत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांचे आयुष्यभर निरीक्षण करून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. तेव्हा चहाबरोबरचे बिस्किट आधी बंद करावे. (घरातील आजोबांचा विरोध गृहीत धरावा.) आणि तपासणीस नेण्यापूर्वी कुत्र्याचे घरातले चालणे मोबाइलवर टिपून घ्यावे, परक्या वासांनी बावरलेले जनावर दवाखान्यात लंगडणेही विसरते.