स्कूटरचा दिवा

रात्रीची उशिराची लोकल कर्जतला लागते तेव्हा स्टेशनाबाहेर काय गडबड उडते, ते तुम्ही पाहिले असेल. मुंबईला कामाला गेलेली माणसे उतरतात. कोणी कडावचा, कोणी कशेळ्याचा, कोणी पळसदरीकडचा. ज्याने त्याने सकाळी उभी केलेली आपली स्कूटर शोधायची आणि घरची वाट धरायची. कर्जतचे दिवे मागे पडले की पुढे मिट्ट काळोख. मग माणसाला आधार एकच, तो स्कूटरच्या पुढच्या दिव्याचा.

त्या दिव्याविषयी आज सांगायचे आहे. आमची फजितीही त्यात आहे. ती आधी सांगून टाकतो.

आमच्या स्कूटरचा दिवा मंद झाला होता. आम्ही एका गॅरेजात गेलो आणि म्हणालो, "मोठा बल्ब टाका." ३५ वॉटचा बल्ब निघाला, ६० वॉटचा बसला. चार दिवस मोठी मजा वाटली. रस्ता कसा लख्ख दिसे. समोरून येणारे लोक डोळ्यांवर हात घेत आणि शिव्या देत. आम्ही मनात म्हणत असू, देईनात का!

आषाढाचे दिवस होते. एका रात्री कशेळ्याकडून कर्जतला येत होतो. पाऊस धो धो कोसळत होता. कडाव मागे पडले. दिवा दोनदा लुकलुकला आणि गपकन विझला. आम्ही ब्रेक दाबला. गाडी थोडी घसरून थांबली. तोच अगदी जवळून आवाज आला, "आरं बाबा, दिसत नाय का?"

मोबाईलचा उजेड पाडला. चाकापासून पाच-सहा हातांवर एक बाई उभी होती. डोक्यावर लाकडांची मोळी आणि हाताशी लहान पोर. आमच्या तोंडून शब्द फुटेना. मग तिच्याबरोबर गाडी ढकलत ढकलत पुढच्या वाडीपर्यंत चालत गेलो. ती पोर सारखी मागे वळून आमच्याकडे बघत होती.

सकाळी दिवा उघडला. बल्ब ज्यात बसतो तो होल्डर वितळून बल्बाला चिकटला होता. वायरीवरचे प्लॅस्टिक काळे पडले होते. गॅरेजवाल्याला चार शब्द सुनवायला आम्ही निघालो होतो. पण मोठ्या बल्बाची मागणी कोणाची? आमचीच!

आता हे असे का झाले ते पाहू.

खोपोलीचे टाटांचे वीजघर तुम्हांला ठाऊक आहे. ते १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या बाजूला वळवण, शिरवता असे तलाव आहेत. त्यांचे पाणी मोठमोठ्या लोखंडी नळांतून खाली येते. त्या पाण्याच्या जोराने चक्र फिरते आणि वीज होते. मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालल्या. कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे वीजघर १९२२ साली सुरू झाले. तेही घाटावरच्या पाण्यावरच चालते.

पाणी जितक्या उंचावरून येते, तितका त्याचा जोर जास्त. विजेच्या जोराला व्होल्ट म्हणतात. नळातून पाणी किती वाहते हे जसे आपण मोजतो, तशी तारेतून वाहणारी वीज अँपिअरमध्ये मोजतात. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॉट निघतात.

आपल्या स्कूटरमध्येही असेच एक चिमुकले वीजघर आहे. इंजिनाबरोबर लोहचुंबक फिरतात. त्यांच्याजवळ तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. त्या वेटोळ्यांत वीज तयार होते. खोपोलीला चक्र पाणी फिरवते, इथे पेट्रोल फिरवते, एवढाच फरक.

आता हिशेब करा. बॅटरी १२ व्होल्टची. बल्ब ३५ वॉटचा. ३५ ला १२ ने भागले की साधारण ३ अँपिअर येतात. ६० वॉटचा बल्ब लावला की ५ अँपिअर. तुम्ही म्हणाल, दोनच अँपिअर वाढले! पण तार तापते ती निराळ्या हिशेबाने. तीन त्रिक नऊ, पाच पाचे पंचवीस. म्हणजे त्याच तारेत उष्णता जवळजवळ पावणेतीनपट झाली. बारीक तार आणि प्लॅस्टिकचा होल्डर हे सोसणार कसे? त्यातून कुठे जोड सैल असेल तर ती जागा आणखी तापते. शिवाय ते चिमुकले वीजघर एवढी वीज पुरवू शकत नाही. मग बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होत जाते आणि एके दिवशी सेल्फ मारावा तर नुसते टक् टक्.

खरे सांगायचे तर आमचा पहिला बल्ब लहान नव्हताच. त्याच्यापर्यंत वीज पुरी पोचत नव्हती. बहुतेक स्कूटरींचे दुखणे हेच असते. म्हणून दिवा मंद झाला की बल्ब बदलण्याआधी थोडी तपासणी करा.

पहिल्यांदा काच पाहा. हसू नका. रस्त्याचा चिखल आणि उन्हाने पिवळे पडलेले प्लॅस्टिक, यांनी बराच उजेड खाल्लेला असतो. काच नुसती धुतली तरी फरक दिसतो. आतली चकचकीत वाटी काळवंडली असेल तर मात्र धुऊन भागत नाही, वाटी बदलावी लागते.

मग बॅटरी. तिच्या दोन टोकांवर पांढरट-हिरवट थर साचला असेल तर तो काढायचा. आधी वजा टोकाची वायर सोडा, नंतर अधिक टोकाची. बसवताना उलट करा, अधिक आधी, वजा शेवटी. हा क्रम कशासाठी? वजा टोक गाडीच्या लोखंडाला जोडलेले असते. ते जोडलेले असताना अधिक टोकाचा पाना चुकून सांगाड्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. जवळच पेट्रोलची टाकी आहे हे विसरू नका. टोके घासून पुसून घट्ट बसवावी आणि वरून थोडे व्हॅसलिन लावावे.

विजेचे मीटर आता तालुक्याच्या बाजारात सहज मिळते. ते कसे वाचायचे हे शिकून घ्या. आकडे वाचता येऊ लागले त्याचा हा एक उपयोगच आहे! गाडी बराच वेळ बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की आकडा १३.५ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. चढलाच नाही तर बॅटरी भरत नाही असे समजावे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. रेग्युलेटर म्हणजे विजेला आवर घालणारी डबी. ती बिघडली की बल्ब आठवड्याला एक उडतो. लोक बल्बाला नावे ठेवतात, दुकानदाराशी भांडतात, पण दोष त्या डबीचा असतो.

यानंतर अर्थची वायर. आपल्याकडच्या पावसात हीच वायर जास्त दगा देते. वीज बल्बाकडे जाते, तशी ती परतही यावी लागते. परतीची वाट गाडीच्या लोखंडावरून असते. जिथे वायर लोखंडाला स्क्रूने पक्की केलेली असते तिथे गंज चढला की वाट अडते. पाटाला पाणी भरपूर आहे, पण पुढे तोंडच बुजले तर शेत भिजेल का? तसेच हे.

गंज आहे की नाही हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दिवा चालू ठेवा. एक मोकळी वायर घ्या. तिचे एक टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूला धरा, दुसरे बल्बाच्या अर्थच्या वायरीला लावा. कोणती वायर अर्थची हे जाणत्याकडून आधी समजून घ्या, कारण रंग कंपनीगणिक निराळे असतात. उजेड एकदम वाढला तर चोर सापडला. तो स्क्रू काढा, खालची जागा पॉलिशपेपरने चकचकीत घासा आणि पुन्हा घट्ट आवळा.

आमच्या गाडीत असाच गंज निघाला. दहा मिनिटांचे काम होते.

हँडल वळवले की दिवा लुकलुकतो का? मग हँडलच्या मानेजवळ पाहा. तिथे वायरी रोज शेकडो वेळा वाकतात आणि आतल्या आत तुटतात. वरून वायर चांगली दिसते. अशी वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नये. पहिल्या पावसात पाणी आत शिरते. जोडाला डाख द्यावा, वर नळी चढवावी. आणि भाताची कणगी किंवा पेंढा आहे त्या पडवीत स्कूटर ठेवत असाल तर उंदरांचीही आठवण ठेवा. वायरीवरचे प्लॅस्टिक कुरतडायला त्यांना फार आवडते.

फ्यूजबद्दल एकच सांगतो. तो उडाला तर तितक्याच आकड्याचा दुसरा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. फ्यूज जळतो तो वायरी वाचाव्या म्हणून. त्याला जळू दिले नाही तर वायरी जळतील.

इथे एक घोटाळा होतो, तो ध्यानात घ्या. कित्येक जुन्या स्कूटरींचा पुढचा दिवा बॅटरीवर चालतच नाही. तो थेट इंजिनाच्या विजेवर चालतो. रेस वाढवली की उजेड वाढतो, सोडली की कमी होतो. तो बिघाड नव्हे, तशी बनावटच आहे. अशा गाडीला बॅटरीवरचा एलईडी दिवा जोडला तर तो थरथरतो. १ एप्रिल २०१७ पासून निघालेल्या नव्या दुचाकींना इंजिन चालू होताच दिवा आपोआप लागतो. तेव्हा भर दुपारी दिवा जळताना दिसला तर बटण बिघडले असे समजून वायर तोडू नका.

एलईडीने वीज वाचते हे खरे. पण जुन्या वाटीत एलईडीचा बल्ब घातला की उजेड हवा तिथे पडेलच असे नाही. वाटी घडवलेली असते ती जुन्या बल्बातल्या तारेच्या जागेसाठी. उजेडाची जागा जरा हलली की तो चहूकडे फाकतो. रस्ता दिसत नाही आणि समोरच्याला आंधळे मात्र करतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ बनावटीत मनमानी बदल करता येत नाही, तेही आहेच.

नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल काचेला लागते, तिथे ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. स्वच्छ फडक्याने धरावा.

शेवटी दिव्याचा रोख. सपाट जागी, भिंतीपासून दहा पावलांवर गाडी उभी करा. नेहमी बसणारा माणूस वर बसवा. डिप्पर लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली पडली पाहिजे. वर गेली असेल तर दिव्याखालचा स्क्रू फिरवून खाली घ्या. दुधाचे कॅन किंवा तांदळाचे पोते मागे बांधणाऱ्यांनी ते बांधूनच हे करावे. ओझ्याने मागची बाजू दबते आणि दिवा आभाळाकडे बघू लागतो.

आता आमच्या गाडीत पुन्हा ३५ वॉटचाच बल्ब आहे. होल्डर नवा घातला आणि रोख नीट केला. त्याच रस्त्याने आम्ही अजून जातो. कडावच्या पुढे आलो की हात आपोआप रेस कमी करतो.