पेन्सिल सेलचा कॅमेरा

भाची संभाजीनगरला कॉलेजात आहे. दिवाळीला लासूर स्टेशनला आली तेव्हा चहा पिता पिता म्हणाली, "मामा, तुमचा तो खिशातला जुना कॅमेरा आहे का हो अजून? आमच्या वर्गातल्या पोरी तसलेच शोधतायत." मला वाटलं, चेष्टा करतेय. हातातल्या मोबाईलला तीन भिंगं आणि हिला माझं २००९ सालचं डबडं हवंय! कपाटातून कॅमेरा काढला आणि मग दोन तास मीच बोलत बसलो. कॅमेरा घेतला तेव्हा मी एका दैनिकाला गावच्या बातम्या पाठवायचो. तिला सांगितलं ते असं.

१. कॅमेरा कशावर चालतो, ते आधी विचारावं. शहरातल्या दुकानदाराने माझ्यापुढे पहिल्यांदा एक पातळ, चकचकीत कॅमेरा ठेवला. बॅटरी त्याची वेगळी, चार्जरही वेगळा. बॅटरी संपली तर काय, असं विचारलं तर म्हणाला, "चार्ज करायची." आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग असं की लाईट आली हीच बातमी. मी दोन पेन्सिल सेलवर चालणारा जाडसर कॅमेरा उचलला. कॅननच्या ए मालिकेत आणि निकॉनच्या एल मालिकेत तेव्हा असे बरेच होते. सेल काय, स्टेशनाजवळच्या किराणा दुकानातही मिळतात, हा माझा हिशेब.

हिशेब अर्धाच बरोबर निघाला. किराणा दुकानातले साधे सेल रिमोटसाठी आणि घड्याळासाठी असतात. कॅमेऱ्याला भिंग बाहेर काढायला आणि फ्लॅश भरायला एकदम जोराचा करंट लागतो, तो त्यांना झेपत नाही. एका आंदोलनाच्या दिवशी रुळांपाशी उभा राहून कोरे सेल घातले. सहा-सात फोटो निघाले आणि भिंग बाहेर असतानाच कॅमेरा निजला. तेच 'मेलेले' सेल पुढे घरातलं भिंतीवरचं घड्याळ कित्येक महिने चालवत होते! मग चार्ज होणारे, निकेल मेटल हायड्राइडचे सेल आणले. साध्या सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं, यांच्यावर १.२. आकडा कमी म्हणून घाबरायचं कारण नाही, दम यांच्यातच जास्त. खोड एकच, जुन्या धर्तीचे हे सेल नुसते पडून राहिले तरी काही आठवड्यांत बरेच उतरतात. सान्यो कंपनीने २००५ मध्ये एनेलूप आणले आणि पडल्या पडल्या फारसे न उतरणारे सेल मिळू लागले. चार घ्यावेत, दोन कॅमेऱ्यात आणि दोन शर्टाच्या खिशात. चार्जर लाईट असेल तेव्हा लावून ठेवायचा.

२. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. ४ बाय ६ इंचाचा स्वच्छ फोटो छापायला जेमतेम दोन मेगापिक्सेल पुरतात, गणित करून बघा, १२०० गुणिले १८००. माझा कॅमेरा दहाचा होता आणि मी तो बहुतेक वेळा दोनवरच ठेवायचो, कारण नेट कॅफेतून मोठी फाईल पाठवायला बसलो की बातमीच शिळी व्हायची. या कॅमेऱ्यांतला प्रकाश टिपणारा तुकडा सहा मिलिमीटरच्या आसपास रुंद, करंगळीच्या नखापेक्षा लहान. त्यावर जितके जास्त ठिपके कोंबाल तितका संध्याकाळचा फोटो रवाळ.

३. उन्हात पडदा दिसत नाही. मे महिन्यात आठवडी बाजारात उभं राहून पाठीमागच्या पडद्याकडे बघितलं की आपलंच तोंड दिसतं. काही कॅमेऱ्यांना डोळा लावून बघायचं छोटं छिद्र असायचं. कॅननच्या ए ५७० आणि ए ५९० ला होतं. माझ्याला नव्हतं. मी डोक्यावर रुमाल ओढून फोटो काढायचो आणि लोक मलाच बघायचे.

४. झूमचे आकडे दोन असतात. ऑप्टिकल तेवढा खरा. डिजिटल म्हणजे फोटो कापून ताणणं, ते घरी गेल्यावरही करता येतं, म्हणून तो मेनूत जाऊन कायमचा बंद करावा. खरा झूमही अंधारात अंगाशी येतो, कारण पुढे ओढलं की भिंगातून आत येणारा प्रकाश घटतो आणि चित्र हलतं. हे मला वेरूळच्या दहाव्या लेण्यात कळलं. तिथल्या चैत्यगृहात बुद्धमूर्तीचे दहा फोटो काढले, दहाही पुसट. पुढच्या खेपेला झूम मागे घेतला, कॅमेरा खांबाला टेकवला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि हात काढून घेतला. तो फोटो आजही चांगला दिसतो. स्टँड न्यायचा तर परवानगीची भानगड. आणि अजिंठ्यात फ्लॅश चालतच नाही, तो आधीच बंद करून आत शिरावं. लग्नाच्या मांडवातही फ्लॅशचा उजेड तीन मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही. मागच्या रांगेतून नवरा-नवरीचे फोटो काढणाऱ्यांना फक्त पुढच्यांची डोकी मिळतात.

५. धूळ. कांद्याच्या लिलावात उभा होतो, टरफलं उडत होती. माझ्या मित्राच्या कॅमेऱ्यात कण गेला आणि आत-बाहेर होणारं भिंग अर्ध्यावर अडकलं. दुरुस्तीचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या जवळपास जात होता. तेव्हापासून माझा कॅमेरा चेनच्या प्लास्टिक पिशवीत राहतो. खिशातला कॅमेरा म्हणतात खरं, पण नुसत्या खिशात टाकू नये.

६. तारीख तपासावी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा शेजाऱ्याने आडव्या झालेल्या गव्हाचे फोटो काढायला बोलावलं, पंचनाम्याला जोडायचे होते. काढले, छापून आणले, आणि कोपऱ्यात नारिंगी अक्षरांत १ जानेवारी २००९! सेल बरेच दिवस बाहेर होते, आतलं घड्याळ मूळ पदावर गेलं होतं. शेजारी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तोवर त्याने अर्धा गहू उचलला होता. ती शरम अजून जात नाही. सेल बदलले की आधी तारीख, मग फोटो.

७. कार्ड साधं एसडी असावं. ऑलिंपसचं एक्सडी, सोनीचं मेमरी स्टिक, यांना आता वाचणारं यंत्र शोधत फिरावं लागतं. फार जुन्या कॅमेऱ्याला दोन जीबीपेक्षा मोठं कार्ड कळतही नाही.

८. आज घ्यायचा तर? जुना घेताना आपले सेल घेऊन जावं आणि तिथेच चालवून बघावा. सेलचं झाकण उघडून पांढरी-हिरवी बुरशी दिसते का बघावं, ती गळलेल्या सेलची खूण. भिंग बाहेर येताना करकरलं तर उठावं. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढला की डाग उघडे पडतात. नवाच हवा तर कोडॅकच्या नावाने निघणाऱ्या पिक्सप्रो मालिकेतला एफझेड ४५ दोन पेन्सिल सेलवर चालतो. खिशाला कोणता झेपेल ते ज्याचं त्याने बघावं. नुसत्या फॅशनपायी जुन्या मालाला नव्याचा भाव मोजणं मला पटत नाही, हे मी भाचीला तोंडावर सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणून तर तुमच्याकडे आले ना!" दिला. तारीख लावून, पिशवीत घालून. संध्याकाळच्या गाडीला बसताना तिने विचारलं, "मामा, सेल?" माझे जुने कधीच बाद झाले होते. म्हटलं, कॅमेरा मामाचा, सेल आणि चार्जर तुझा. दौलताबाद यायच्या आतच तिचा फोन, चार सेल आणि चार्जर मिळून किती होतात?