थरांचे शुभेच्छापत्र व कागदाची काटकसर

हिवाळ्यात ठाणे खाडीवर रोहित पक्षी उतरतात. या खाडीचा काही भाग 2015 साली त्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. नवी मुंबईलगतच्या शाळांतील मुलांस कार्यानुभवाच्या तासाला याहून जवळचा विषय क्वचितच सापडेल. थरावर थर डकवून शुभेच्छापत्र सुरेख होते; परंतु ते जाड होऊन लिफाफ्यात मावत नाही, व 20 ग्रॅमहून जड झाल्यास वाढीव तिकीट लागते. शिवाय शाळेतील रंगीत कागद झाकल्या जाणाऱ्या भागातच संपतो आणि शेवटच्या रांगेतील मुलांच्या वाट्यास काहीच उरत नाही.

उपाय सोपा आहे. खालचा हिरवा कागद 14 × 9.5 सें.मी. व त्यावरील चिखलाच्या रंगाचा 13 × 8.5 सें.मी. घ्यावा. हिरव्याची अर्ध्या सेंटिमीटरची कडा तेवढी दिसते. डकविण्यापुरती आणखी एक सेंटिमीटर पट्टी राखून मधला 11 × 6.5 सें.मी.चा तुकडा आधीच कापून घ्यावा. निम्म्याहून अधिक कागद परत मिळतो! त्यातूनच वरची तिवरे कापावीत. मधोमध चिमटीने हलकी घडी घालून तेथून कात्री चालविली, म्हणजे चौकट अभंग राहते.

खळ घट्ट असावी व ती चौकटीवरच लावावी. पातळ खळीने कागद सुरकुततो. वरचा कागद मात्र फार पातळ नको, तो मध्ये खचतो. पक्ष्यासाठी जुनी गुलाबी लग्नपत्रिका उत्तम. पत्र रात्रभर पुस्तकांखाली दाबून ठेवावे व दुसऱ्या दिवशी लिफाफ्यासह मुलांकडूनच तोलवून घ्यावे.