पंधरा डॉलरचं इंटरनेट

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत टेक्निकल लेख लिहायची ही पहिलीच वेळ. जोडाक्षरं चुकली तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

सुरुवात घरापासून करते. लॉकडाऊनच्या वर्षी मी दहावीत होते. घरात स्मार्टफोन एकच, रोजचा डेटा दीड जीबी, आणि शिकणाऱ्या आम्ही दोघी बहिणी. तिचा तास सुरू झाला की माझा बुडायचा. तेव्हा वाटायचं, सरकार लाईट-पाण्यासारखा इंटरनेटचाही दर का ठरवत नाही? पुढे कळलं की अमेरिकेतल्या एका राज्याने तेव्हाच तसा कायदा केला होता. त्याची गोष्ट आपल्यासारख्यांनी समजून घेण्यासारखी आहे.

कायदा काय होता?

एप्रिल 2021 मध्ये न्यूयॉर्क राज्याने ‘परवडणारा ब्रॉडबँड कायदा’ केला. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना कंपन्यांनी महिना जास्तीत जास्त 15 डॉलरमध्ये किमान 25 एमबीपीएस, किंवा जास्तीत जास्त 20 डॉलरमध्ये 200 एमबीपीएसचं कनेक्शन द्यायचं. टॅक्स आणि मोडेमचं भाडं त्यातच धरलेलं. पात्र कोण, तर ज्यांच्या मुलांना शाळेत मोफत किंवा सवलतीत जेवण मिळतं, ज्यांना सरकारी अन्नमदत मिळते वगैरे. वीस हजार किंवा त्याहून कमी ग्राहक-घरं असलेल्या छोट्या कंपन्यांना सूट मागता येत होती.

यामागचं इंजिनिअरिंग सोपं आहे. फायबर टाकायचा मुख्य खर्च खोदाईचा, आणि तो एकदाच होतो. केबल दारावरून गेलेलीच असेल, तर आणखी एक घर जोडायला त्यामानाने फारच थोडा खर्च येतो. मग दर कमी का होत नाही? कारण पुष्कळ भागांत कंपनी एकच असते. गिऱ्हाईक जाणार कुठे? म्हणून राज्याने दरालाच हात घातला.

कोर्टात काय झालं?

कायदा 15 जून 2021 ला लागू व्हायचा होता. त्याच्या चारच दिवस आधी कंपन्यांनी कोर्टातून स्टे मिळवला. त्यांचं म्हणणं असं: एफसीसी या केंद्रीय आयोगाने 2018 च्या आदेशात ब्रॉडबँडला टेलिफोनसारखी सेवा मानायचं सोडून दिलं आहे, म्हणजे दरनियंत्रण नको हे केंद्राचं धोरण ठरलं. राज्य त्यात लुडबुड कशी करणार?

एप्रिल 2024 मध्ये अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा मताने हा मुद्दा उडवून लावला. होस्टेलच्या भाषेत सांगते. रेक्टर म्हणाले, ‘मेस माझ्या अखत्यारीत येत नाही.’ ठीक. पण मग मेस कमिटीने पोळीचा दर ठरवला तर तो रद्द करायचा अधिकारही रेक्टरांना उरत नाही. जो अधिकार आपला नाहीच, त्याच्या जोरावर दुसऱ्याला अडवता येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपन्यांची याचिका ऐकायला नकार दिला आणि 15 जानेवारी 2025 पासून कायदा लागू झाला.

म्हणजे कंपन्या हरल्या? पूर्ण नाही. एटी अँड टीने त्याच दिवसापासून आपली घरगुती वायरलेस इंटरनेट सेवा न्यूयॉर्कमध्ये बंद केली. दुसरं म्हणजे, मधल्या काळात एफसीसीने ब्रॉडबँडची व्याख्याच 100 एमबीपीएसवर नेली, त्यामुळे 15 डॉलरचा 25 एमबीपीएसचा प्लॅन त्या व्याख्येत बसेना. आणि तिसरं मला सगळ्यात जास्त लागलं. साडेतीन वर्षं गेली. 2021 मध्ये माझ्यासारखी जी मुलं दहावीत होती, ती कायदा येईपर्यंत शाळेतून बाहेर पडली होती.

केंद्राच्या अनुदानाचं काय, असं कोणी विचारेल. केंद्राची महिना 30 डॉलरची योजना होती, 2.3 कोटींच्या आसपास कुटुंबं त्यात होती. पैसे संपले आणि जून 2024 मध्ये तीही बंद पडली. अनुदान तिजोरीवर चालतं, कायदा कोर्टावर.

दुसरा मार्ग

टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा शहराच्या वीज कंपनीने 2010 मध्ये आपल्या फायबरवरून 1 जीबीपीएसची सेवा सुरू केली. ही कंपनी शहराच्याच मालकीची. पण राज्याच्या कायद्याने तिला वीजपुरवठ्याच्या हद्दीबाहेर इंटरनेट विकता येत नाही. 2015 मध्ये एफसीसीने ही अट मोडायचा प्रयत्न केला, 2016 मध्ये कोर्टाने राज्याची बाजू घेतली. शेवटी 2017 मध्ये टेनेसीने नवीन कायदा करून ग्रामीण वीज सहकारी संस्थांना ब्रॉडबँड द्यायची मुभा दिली. शहरी कंपनीची हद्द मात्र तशीच राहिली. इथे कायद्याने दर ठरवला नाही, केबल कोण टाकू शकतो ते ठरवलं.

आपल्याकडे?

आपल्या संविधानात टेलिफोन, वायरलेस हे विषय केंद्र सूचीत आहेत. त्यामुळे न्यूयॉर्कसारखा दराचा कायदा महाराष्ट्राला करता येणार नाही. पण हात अगदीच बांधलेले नाहीत. केरळने केंद्राकडून लायसन्स घेऊन स्वतःचं ‘केफॉन’ नेटवर्क उभारलं, केबल विजेच्या खांबांवरून नेली आणि जून 2023 मध्ये ते सुरू केलं. वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत कनेक्शन हे त्याचं उद्दिष्ट. शिवाय रस्ता खोदायची परवानगी महापालिका, ग्रामपंचायत, पीडब्ल्यूडी यांच्याकडूनच घ्यावी लागते. ती आठ दिवसांत मिळते की आठ महिन्यांत, यावर गावाचं इंटरनेट अवलंबून असतं.

तेव्हा ‘सर्वांना स्वस्त इंटरनेट’ अशी घोषणा ऐकली की तीन प्रश्न विचारा. फरकाचे पैसे कोण भरणार? केबल टाकायची मुभा कोणाला? आणि कोर्टात अडकलं तर तोवर त्या मुलांनी काय करायचं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरी आईने काढलं होतं: एक दिवस फोन माझ्याकडे, एक दिवस बहिणीकडे. कायद्याला याहून बरं उत्तर देता यायला हवं.