टाचणी लावण्याआधी

लालबागमध्ये नेट गेलं की पहिला फोन केबलवाल्याला जातो आणि तो येईपर्यंत राउटरवर प्रयोग सुरू होतात. मिरची गल्लीजवळच्या एका मसाल्याच्या दुकानात हे मी डोळ्यांनी पाहिलं. एप्रिलचा महिना, मिरची-धण्याला गर्दी. बिलिंगचा कॉम्प्युटर ऑनलाइन जाईना, म्हणून कामावरच्या मुलाने राउटरमागच्या रीसेटच्या छिद्रात टाचणी दाबून धरली. राउटरमधली सगळी सेटिंग पुसली गेली. कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड कुणाकडेच लिहिलेलं नव्हतं. तोवर एकच कॉम्प्युटर अडला होता. आता वायफायवरचं कार्डाचं मशीनही थांबलं.

मूळ बिघाड निघाला टेबलाखाली: लॅनची वायर अर्धवट सुटलेली.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलं असतं, तर ‘मीडिया डिसकनेक्टेड’ असं तिथेच दिसलं असतं. याच कमांडने १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दाखवला, तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असं समजावं. पत्ता ठीक असेल तर पुढचं काम ‘पिंग’चं. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी नेटवर्कमधला बिघाड शोधताना डिसेंबर १९८३मध्ये ती लिहिली, आणि आजही तिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. आधी राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता ‘डिफॉल्ट गेटवे’समोर असतो. मग बाहेर, इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला. राउटर उत्तर देतो पण बाहेरून काहीच येत नाही, तेव्हा खुशाल केबलवाल्याला बोलवा. बाहेरूनही उत्तर येतं, फक्त नावाने साइट उघडत नाही, तर दोष बहुधा नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा. ‘आयपीकॉन्फिग’पुढे ‘स्लॅश फ्लशडीएनएस’ देऊन पाहा. मात्र काही सर्व्हर मुद्दामच पिंगला उत्तर देत नाहीत, त्यामुळे एका गप्प पत्त्यावरून निकाल लावू नये.

कधी दोष खरोखरच फार लांब असतो. ३० जानेवारी २००८ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं. अशा वेळी ‘ट्रेसर्ट’ वाटेतले टप्पे दाखवते, आणि घरचा राउटर निर्दोष असल्याची खात्री पटते.

पाहणाऱ्या कमांड आणि बदलणाऱ्या कमांड यांत मोठा फरक आहे. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लांबून काम करताना ‘आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज’ दिलं, की त्याचा पत्ता जातो आणि तुमचा संपर्कही तुटतो; मग समोर कुणीतरी बसल्याशिवाय तो परत जोडता येत नाही. ‘नेटश’ने आयपी रीसेट केला तर हाताने भरलेला पत्ताही पुसला जातो.

म्हणून आजच, नेट नीट चालू असताना, ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ द्या आणि पडद्याचा फोटो काढा. कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड केबलवाल्याकडून मागून घ्या आणि गल्ल्यातल्या वहीत लिहून ठेवा.