निकाल आणि शेरा

संगणकासाठी लिहिलेली आज्ञावली बरोबर चालते की नाही, हे पाहण्याकरिता दुसरी आज्ञावली लिहितात. तिला चाचणी म्हणतात. चाचणीचा निकाल वाचणारे दोघे असतात. मनुष्यास चूक कोठे व कशी झाली हे हवे असते. यंत्रास केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्णांची मोजदाद करावयाची असते. एकाच कागदावर दोघांचे समाधान कसे व्हावे?

पर्ल या संगणकभाषेच्या चाचण्यांसाठी १९८७ साली यावर एक साधी पद्धत निघाली. पुढे तिला ‘टेस्ट एनीथिंग प्रोटोकॉल’ हे नाव मिळाले. गुण मोजणाऱ्या आज्ञावलीचा निकाल, मूळची रोमन अक्षरे देवनागरीत उतरवून, आम्ही येथे देतो :

१..३
ओके १ - बेरीज
नॉट ओके २ - सरासरी
# मिळाले ५२
# हवे होते ५४
ओके ३ - श्रेणी

पहिली ओळ सांगते की, चाचण्या तीन व्हावयाच्या आहेत. आज्ञावली मध्येच बंद पडली, तर संख्या जुळत नाही व उणीव तत्काळ उघडकीस येते. ‘#’ या चिन्हाने आरंभ होणारी ओळ म्हणजे शेरा. मोजणारे यंत्र ती ओलांडून जाते. चूक शोधणारा मनुष्य मात्र तीच आधी वाचतो.

विद्यार्थ्यांनी येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, शेऱ्याच्या प्रत्येक ओळीस चिन्ह हवे. दुसरी ओळ ‘ओके ३’ अशी सुरू झाली आणि चिन्ह राहून गेले, तर यंत्र तिलाच निकाल समजेल. दुसरी, शेरा लिहून ओळ मोडावी. ‘तपासत आहे’ या शब्दांस लागूनच ‘ओके ३’ छापले गेले, तर निकाल ओळीच्या आरंभी उरत नाही आणि उत्तीर्ण झालेली चाचणी गहाळ ठरते. म्हणूनच पर्लच्या ‘टेस्ट मोअर’ या संचातील ‘डायग’ व ‘नोट’ ही साधने प्रत्येक ओळीस चिन्ह आपोआप लावतात.

हा काटेकोरपणा व्यर्थ नव्हे. एक खोटा ‘ओके’ मोजला गेला, तर सरासरीतील चूक कोणाच्याही नकळत गुणपत्रिकेपर्यंत जाईल आणि एखाद्या मुलाचे वर्ष फुकट जाईल. आम्ही घरी कोंकणी बोलतो व शाळेत मराठी लिहितो. कोणती भाषा कोठे, हे ठरलेले असल्यामुळे दोन्ही एका मुखी सुखाने नांदतात. निकाल आणि शेरा यांचेही तसेच आहे. शेरा कितीही सविस्तर असो; त्याने आपली जागा सोडू नये, एवढेच.