उपवासाने वाढणारा मेद

उपवासाने माणूस रोडावतो. क्लोरेला नावाचे एकपेशीय शेवाळ मात्र उपाशी राहिले की लठ्ठ होते! साचलेल्या पाण्यास हिरवी झाक आणणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींपैकी हे एक. बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८९० मध्ये ते वेगळे करून वाढविले.

हा उपवास नत्राचा. नत्रावाचून प्रथिने होत नाहीत, व प्रथिनांवाचून पेशीचे विभाजन खुंटते. सूर्यप्रकाश मात्र येतच असतो, आणि पेशी हवेतील कर्बही घेतच असते. घरात धान्य येत राहावे आणि खाणारी तोंडे वाढू नयेत, म्हणजे कणगी भरत जाते. तसेच येथे घडते. तीन मेदाम्ले ग्लिसरीनच्या एका रेणूशी जोडली जाऊन तेल बनते व त्याचे थेंब पेशीत साठतात. ही मेदाम्ले काही परकी नव्हेत; करडईच्या तेलातील लिनोलेइक आम्ल त्यांतही सापडते. स्पोअर व मिल्नर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत परिस्थिती पालटताच क्लोरेलातील मेद शेकडा ५ हून कमी, तर शेकडा ८० हून अधिक भरला.

मग तळ्यांत शेवाळ वाढवून इंधनच का काढू नये? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात हा प्रयत्न केला. पण ज्या उपवासाने मेद वाढतो, त्यानेच वाढ थांबते. एकेक पेशी तेलाने भरली, तरी पेशीच थोड्या. तळ्यातील एकूण तेल काही वाढेना. म्हणून शेवाळ आधी भरपेट वाढवावे आणि शेवटी उपाशी ठेवावे, अशी युक्ती आता योजिली जाते.